हे काय आलंय गं?

ठाण्यात माजिवड्याचा पूल उतरून बस कापूरबावडीला लागली की निम्म्या माना खाली जातात. झोपेनं नव्हे, फोनसाठी. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. रात्री अकराला वीस मिनिटांत संपणारा हा टप्पा संध्याकाळी सातला किती वेळ खाईल, ते गायमुखच्या घाटात अडकलेल्या कंटेनरवर अवलंबून. या रस्त्यावर राहायला येऊन मला बारा वर्षं झाली. बारा वर्षांतली माझी सगळ्यात बिनकामाची खरेदी मॉलमध्ये झाली नाही, सेलमध्ये झाली नाही. ती पातलीपाड्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या बसमध्ये झाली. काकडीच्या शेवया पाडणारं यंत्र, ४९९ रुपये. आमच्याकडे काकडी चोचवून खमंग करतात. यंत्र ओट्याखालच्या ट्रॉलीत अजून खोक्यासकट आहे.

असं एखादं खोकं प्रत्येक घरात असतं, त्याचं काही वाटून घेऊ नका. पण कपाट उघडलं की किमतीची लेबलं तशीच लटकलेले कुर्ते दिसत असतील, घरचं माणूस यायच्या आत पार्सल आतल्या खोलीत सरकवलं जात असेल, बाराशेची वस्तू सांगताना आपोआप ‘सातशेला मिळाली’ असं तोंडातून निघत असेल, तर पुढचं सावकाश वाचा. मी डॉक्टर नाही. या वाटेवर बरीच पुढे जाऊन मागे फिरलेली बाई आहे, आणि फिरताना जे उपयोगी पडलं ते सांगते आहे.

आमचा हा रस्ता ज्या बंदराकडे जातो तिथे जहाजातून घोडे उतरायचे, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. घोडा हवा असला तर जहाजाची वाट पाहायची. तेवढ्यात घोडा खरंच हवा आहे का, दाणावैरण परवडेल का, बांधायचा कुठे, यावर घरात चार वेळा बोलून होत असणार. आता बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं सुरू होतात, देशातल्या बड्या ऑनलाइन दुकानांचा माल तिथे रचलेला असतो. आज रात्री बोट लावलं की उद्या वस्तू दारात. किराणा-सौंदर्यप्रसाधनांची दहा मिनिटांवाली दुकानं तर आपल्याच टॉवरच्या मागच्या गाळ्यात येऊन बसली आहेत. या रस्त्यावर माणसाला घरी पोचायला तास लागतो आणि पार्सल त्याच्या आधी पोचलेलं असतं. इच्छा आणि वस्तू यांच्यामध्ये पूर्वी जे अंतर होतं ते पुसलं गेलं, आणि माझा सगळा अनुभव एवढाच सांगतो की ते अंतर आपणच परत घालावं लागतं. निश्चयाच्या जोरावर हे होत नाही. निश्चय मी दर १ तारखेला केला आहे.

आधी आपलं घड्याळ ओळखा. खरेदीची लहर दिवसभर सारखी नसते, तिच्या ठरलेल्या वेळा असतात. माझ्या दोन निघाल्या: संध्याकाळची कोंडी, आणि रात्री साडेदहानंतर ओटा आवरून झाल्यावर ‘आता माझा वेळ’ म्हणून आडवं पडल्यावरची. कुणाची साहेबाशी वाजल्यानंतरची असेल, कुणाची मुलाला शाळेत सोडून घर रिकामं झाल्यावरची. त्या वेळी नक्की काय हवं असतं ते स्वतःला विचारलं तर उत्तर क्वचितच ‘कुर्ता’ असं येतं. बहुतेकदा कंटाळा असतो, एकटेपण असतं, चीड असते. आनंद मिळतो तो निवडताना, ‘ऑर्डर झाली’ची हिरवी खूण बघताना, आणि फार तर खोकं फोडेपर्यंत. म्हणून तर खोकी न फोडता पडून राहतात. त्यांचं काम आधीच झालेलं असतं.

मोजमापाचं एक साधन तुमच्या फोनमध्ये आयतंच आहे. घोडबंदरच्या बहुतेक सोसायट्यांत गेटवर अ‍ॅप असतं. वॉचमन नोंद करतो, आपल्याला विचारणा येते, आपण बघता न बघता ‘येऊ द्या’वर बोट ठेवतो. त्या अ‍ॅपमध्ये आलेल्या-गेलेल्यांची यादी राहते. ती उघडा आणि गेल्या तीस दिवसांत ‘डिलिव्हरी’ किती, ते मोजा. बँकेचं स्टेटमेंट बघायची हिंमत होत नाही, पण हे करता येतं. माझ्या पहिल्या मोजणीत एकसष्ट निघाल्या. घरात माणसं तीन. त्यातल्या दूध-भाजीच्या वजा करून बाकीच्या एका वहीत लिहिल्या: तारीख, वेळ, काय, किती रुपये, तेव्हा मन कसं होतं. शेवटचा रकाना भरायला लाज वाटते. भराच. दोन आठवड्यांत त्या रकान्यात तेच तेच तीन शब्द फिरून येताना दिसतील. खरेदीच्या या व्याधीवर मानसोपचारतज्ज्ञ जी वर्तनोपचार पद्धत वापरतात, तिचीही सुरुवात अशाच नोंदवहीनं होते.

मग अंतर घालायला घ्या. अ‍ॅप काढून टाका असं सगळेच सांगतात, मीही तीन वेळा काढली आणि तीन वेळा घेतली. त्यापेक्षा साठवलेलं कार्ड काढून टाकणं जास्त चाललं. सोळा आकडे टाकायला उठून पर्स शोधावी लागते, आणि पर्सपर्यंत जाताना निम्मी लहर गळून पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून प्रत्येक कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आपल्याला बंद-चालू करता येतात, त्यांची मर्यादाही ठरवता येते. ते बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. यूपीआयमध्ये छोट्या रकमांना पिन न लागण्याची सोय घेतली असेल तर ती काढा. खरेदीसाठी वेगळं छोटं खातं उघडून महिन्याची ठरावीक रक्कम त्यात टाकली आणि यूपीआय त्यालाच जोडलं, तर रक्कम संपल्यावर खातंच ‘नाही’ म्हणतं. स्वतःला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं. सूचना बंद करा, सगळ्या. ‘तुमच्या कार्टमधली वस्तू तुमची वाट पाहते आहे’ असं फोननं म्हणायचं काही कारण नाही. वस्तू कुणाची वाट पाहत नसतात.

पण या सगळ्याहून भारी उपाय मला अपघातानं सापडला. घरी रंगकाम होतं, म्हणून महिनाभरासाठी अ‍ॅपमधला पत्ता बदलून आईचा टाकला. आई डोंबिवलीत राहते. दुसऱ्याच पार्सलला तिचा फोन.

“हे काय आलंय गं?”

“चादर आहे आई. ठेवून दे.”

“परवा आली ती?”

“ती सिंगलची होती.”

“सिंगल पलंग आहे कुठे तुमच्याकडे?”

उत्तर नव्हतं. पाहुण्यांसाठी म्हणणार होते, पण पाहुणी म्हणजे वर्षातून दोनदा येणारी तीच. चौथ्या पार्सलनंतर तिनं विचारणं बंद केलं आणि पलंगाखाली रांग लावायला घेतली. मी न्यायला जायची तीन-तीन आठवड्यांनी. आमच्याकडून डोंबिवली म्हणजे तीन वाहनं बदला, नाहीतर रिक्षाला मागेल ते द्या. आत काय आहे ते मला आठवत नसे. महिना संपला, रंग वाळला, पत्ता मी तसाच ठेवला. आज दोन वर्षं झाली. एखादी वस्तू मागवावीशी वाटली की आधी ‘हे काय आलंय गं’ ऐकू येतं, मग रिक्षावाला दिसतो, आणि दहातल्या सात वेळा बोट मागे येतं. तुमच्याकडे अशी आई नसेल तर बहीण बघा, जुनी मैत्रीण बघा, ऑफिसचा पत्ता टाका. अट एकच, पार्सल घेणारं माणूस तोंडाळ हवं.

आईचा हा ठामपणा कुठून आला ते मला पलंगाखालची खोकी बघताना लक्षात आलं. आम्ही लहान असताना घरी वाणसामान मुंबई ग्राहक पंचायतीकडून यायचं. १९७५ साली सुरू झालेली ही संस्था, आणि तिची पद्धत आजच्या नेमकी उलटी: आसपासच्या काही कुटुंबांचा मिळून एक संघ, प्रत्येक घरानं पुढच्या महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एकदम एका घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. आमच्या घरात यादीच्या रात्री पंचाईत व्हायची. साबण महिन्याला किती लागतो? तीन की चार? वडील बाथरूममध्ये जाऊन उरलेली वडी बघून यायचे. बिस्किटांचा पुडा जास्तीचा लिहिला तर आई खोडायची. यादी गेली की गेली, मध्येच काही आठवलं तर पुढच्या महिन्यात. स्वस्त आणि चोख माल हा संघाचा हेतू असेल, पण आमच्या घरात त्यानं केलेलं मोठं काम म्हणजे हव्यासाला तीस दिवस थांबायला लावलं. आणि तुमच्या घरात काय आलं ते वाटणीच्या दिवशी शेजारच्या काकूंना दिसायचं. तेव्हा त्याचा संकोच वाटे. आता वाटतं, लपवायला जागाच नव्हती हे किती बरं होतं.

तेव्हा यादी करा. फ्रिजवर कागद लावा, हवी वाटेल ती वस्तू त्यावर तारीख घालून लिहा, आणि किराणा-औषधं सोडून काहीही तीस दिवसांच्या आत घ्यायचं नाही असं ठरवा. तीस जड वाटले तर सातपासून सुरू करा. लिहिणं महत्त्वाचं, कारण मनाला नकार दिला तर ते भांडतं आणि ‘नंतर बघू’ म्हटलं की बऱ्यापैकी गप्प बसतं. लहर ही पोटातल्या कळेसारखी असते. चढते, टोकाला जाते, ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. बसमध्ये असाल तर फोन पिशवीच्या तळाशी टाका आणि डाव्या-उजव्या हाताला येऊरचा डोंगर कुठे दिसतो ते बघा. मेट्रोच्या खांबांतून अजून दिसतो.

समोरून काय डाव टाकले जातात तेही माहीत असू द्या. ‘फक्त २ शिल्लक’, उलटा धावणारा काटा, न विचारता बिलात शिरलेला विमा किंवा देणगी, सवलत नाकारायला ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेलं बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादीच अधिसूचित केली आणि त्यांवर बंदी घातली. तरी त्या दिसल्या तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. ‘अजून ४७ रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ ही मात्र आपण स्वतःच आनंदानं घेतलेली फसवणूक. पंचवीस रुपये वाचवायला नव्वदचं चॉकलेट. आणि अ‍ॅपवर सगळं खापर फोडून चालणार नाही. सोसायटीच्या हॉलमधले स्टॉल, ओळखीच्या बाईचा ड्रेस मटेरियलचा ग्रुप, रात्रीचं साड्यांचं लाईव्ह, ज्यात बाकीच्या धडाधड ‘बुक’ लिहीत असतात आणि आपली साडी जाईल म्हणून छातीत धडधडतं, यांत भीड आणि स्पर्धा दोन्ही असतात. लाईव्ह बघायचंच असेल तर फोन नवऱ्याच्या हातात देऊन बघा. त्याला दोन्ही काठ सारखेच दिसतात.

नवऱ्याचं निघालंच आहे तर सांगते. खरेदीचा नाद बायकांचा, हा विनोद आपल्या नाटक-सिनेमांनी झिजवला. येऊरला पहाटे सायकलवर जाणारे सगळेच काही वेडे नाहीत, पण साठ हजारांची सायकल बाल्कनीत टांगून तिसरं हेल्मेट मागवणारा गृहस्थ आमच्याच मजल्यावर आहे. त्याच्या खरेदीला ‘छंद’ म्हणतात आणि त्याच्या बायकोच्या खरेदीला ‘उधळेपणा’. पुरुषांची ही सवय उशिरा उघडी पडते ती यामुळेच.

आता पैशाचं. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा असतो, तो तुमची सोय नाही. समजा वीस हजार थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के, आणि किमान देय एक हजार. व्याजाचे ७०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. हजारातून मुद्दल फिटलं १७४ रुपये. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे पुढची कोथिंबीरसुद्धा व्याजानं. दोन-तीन कार्डं थकली असतील तर सगळ्यांचे आकडे एका कागदावर लिहा, नवीन खरेदी सगळ्या कार्डांवर बंद करा, आणि जास्त व्याजाचं आधी फेडा. बँकेशी बोलून थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेता येते का, तेही विचारा. सोनं गहाण टाकून कार्ड फेडायचं आणि कार्ड पुन्हा चालू ठेवायचं, हे कुणी केलं असेल तर त्याला पुढचं सांगायला नको.

कपाटातल्या ढिगाचं काय? परतीची मुदत असलेलं आजच परत करा, ‘उद्या’ म्हणालात की मुदत संपते. बाकीचं वाटून टाकायला हरकत नाही, मात्र एक धोका माझ्यापुरता सांगते. तीन पिशव्या कपडे देऊन आले त्या रात्री इतकं हलकं, इतकं पुण्यवान वाटलं की कपाटात जागा झाली म्हणून दोन कुर्ते मागवले. आधी दोन महिने नवी आवक थांबू द्या, मग द्या.

इथवरचं सगळं करूनही हात थांबत नसेल, कर्ज वाढत असेल, खोटं बोलावं लागत असेल, खरेदीनंतर स्वतःची किळस येत असेल, तर हा स्वभावदोष समजू नका. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या विकाराची नोंद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याचा उल्लेख आवेग-नियंत्रणाच्या विकारांमध्ये आहे. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली मांडलेल्या अंदाजात प्रौढांमधलं त्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के आलं. त्याच्यामागे बऱ्याचदा नैराश्य किंवा चिंता असते, आणि ती बरी होऊ लागली की खरेदीही उतरते. दोन गोष्टींत मात्र थांबू नका. एरवी हिशेबी असलेलं माणूस अचानक उधळायला लागलं, झोप कमी होऊनही तरतरीत, बोलणं वेगात, डोक्यात मोठमोठे बेत, तर तो उन्मादाचा झटका असू शकतो, लगेच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आणि घरात कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाला खरेदीचं वेड नव्यानं लागलं, तर ते काही औषधांमुळेही होतं. औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही, पण ज्यांनी दिलं त्या डॉक्टरांना सांगायचं. बिचाऱ्या आजोबांना ‘म्हातारचळ’ म्हणून घरचे हिणवत राहतात आणि डॉक्टरांना कुणी बोलतच नाही.

मदत आपल्याला दूर नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था ठाण्यातच आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्याचा बाह्यरुग्ण विभाग सगळ्यांसाठी असतो. तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. एवढंही आधी जमत नसेल तर १४४१६ वर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्यांना दोन शब्द. फोन हिसकावू नका, पार्सलवरून चारचौघांत टोमणे मारू नका, लपवाछपवी त्यानं वाढतेच. कर्ज गुपचूप फेडून टाकू नका, कारण मोकळं झालेलं कार्ड म्हणजे पुन्हा भरलेली बंदूक. हिशेब एकत्र बसून करा, महिन्यातून एका ठरावीक दिवशी, चहाबरोबर. आणि त्या रात्रीच्या साडेदहाच्या वेळी शेजारी येऊन बसा. गप्पाच मारल्या पाहिजेत असं नाही, पत्ते कुटा, खाली चक्कर मारून या.

आमच्या फ्रिजवरच्या कागदावर सध्या पाच नोंदी आहेत. त्यातलं ‘मिक्सरचं मधलं भांडं’ ४ तारखेला तिसऱ्या महिन्यात गेलं. चटणी लहान भांड्यात दोनदा फिरवून होते आहे. काल आईचा फोन आला, म्हणाली, पलंगाखाली बऱ्याच दिवसांत काही आलं नाही, झाडून घेऊ का?